जुन्या फायबरच्या होडीची चकाकी: कुठे घासायचं, कुठे थांबायचं

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात समुद्र नाही, पण अडवलेलं पाणी भरपूर आहे. जव्हारजवळ जयसागर आणि खडखड, मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा, खाली विक्रमगड तालुक्यात धामणीचं सूर्या धरण. जव्हारकडच्या साखरशेत गावाच्या आसपास कुणाला जाळी टाकायला किंवा पाहुण्यांना फिरवायला फायबरची होडी हवी असेल, तर नवी परवडणं कठीण. मग सातपाटी, डहाणू, वसईकडे वापरलेली होडी बघायची आणि टेम्पोत घालून घाट चढवायची. सौदा ठरतो तळ आणि इंजिन बघून. होडी अंगणात उतरली की दुसऱ्या दिवशीच्या उन्हात कळतं, की पांढरा रंग मळकट झालाय, निळा पट्टा राखाडी पडलाय आणि हात टेकला तर तळव्याला भुकटी लागते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पॉलिश कुठलं आणू?

पॉलिश आणण्याआधी ही भुकटी कसली ते समजून घेतलेलं बरं. फायबरची होडी साच्यात बनते. साच्याला आतून मेण लावतात, त्यावर रंग मिसळलेल्या रेझिनचा पहिला थर देतात, आणि मग काचतंतूंची मॅट व साधं रेझिन असे थर चढवत जातात. होडी साच्यातून निघाली की तो पहिला थर बाहेरच्या बाजूला येतो. तोच जेलकोट. नव्या होडीची चकाकी म्हणजे साच्याचा गुळगुळीतपणा या थरावर उमटलेला असतो. थराची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, अंगठ्याच्या नखाइतकी. उन्हातले अतिनील किरण वरच्या रेझिनचे दुवे तोडतात, पृष्ठभाग सच्छिद्र होतो आणि रंगाचे कण मोकळे पडतात. हाताला लागते ती भुकटी म्हणजे मेलेला जेलकोट. गडद रंगांवर तो आधी दिसतो, पांढऱ्यावर उशिरा.

घासून चमक आणायची म्हणजे हा मेलेला भाग खरवडून खालचा जिवंत भाग उघडा करायचा. त्यात जेलकोट प्रत्येक वेळी थोडा खर्च होतो आणि भरून येत नाही. वापरलेल्या होडीत पहिल्या मालकाने हा खर्च किती वेळा केलाय, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. म्हणून माझं मत असं, की जुन्या होडीच्या बाबतीत घासण्याचं कौशल्य दुय्यम आहे. किती कमी घासून भागेल आणि पुन्हा घासायची वेळ किती लांबवता येईल, हे बघणं महत्त्वाचं.

काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिनची पहिली छोटी होडी अमेरिकेत ओहायोतल्या रे ग्रीन यांनी 1942 साली बनवली असं मानतात. पुढे हे साहित्य जगभर पसरलं ते ‘याला देखभाल लागत नाही’ या ख्यातीवर. लाकडी होडीला दरवर्षी तेलपाणी लागतं हे किनाऱ्यावर पोरासोरांनाही माहीत असतं. फायबर आलं आणि लोकांनी हात झटकले. काहींनी उलट केलं, लाकडाची सवय फायबरवर आणली. खोबरेल, डिझेल, इंजिनाचं उरलेलं ऑइल फडक्याने फिरवलं की होडी चार दिवस छान दिसते. नंतर त्याच तेलकट अंगावर धूळ बसते, सच्छिद्र जेलकोट ते तेल आत ओढून घेतो आणि पुढे मेण किंवा रंग लावायचा म्हटलं तर तो धरत नाही. लाकूड तेल पिऊन टिकतं. जेलकोटला तेलाचा काही उपयोग नाही.

आता तपासणी. होडी साबणाच्या पाण्याने धुऊन वाळू द्या, मग हातभर भागावर ओलं फडकं फिरवा. ओलं असताना रंग गडद आणि चमकदार दिसत असेल, तर जेलकोट शिल्लक आहे आणि मेहनत वाया जाणार नाही. ओल्यातही तो भाग निस्तेज राहत असेल, किंवा रंगाखालून मॅटचे तंतू, विणीची जाळी दिसत असेल, तर तिथे घासायला काही उरलेलं नाही. तिथे रंग द्यावा लागेल.

दुसरी शंका: वरचा थर जेलकोटच आहे ना? आपल्या किनाऱ्यावर जुन्या लाकडी होड्यांवर बाहेरून फायबर चढवायची पद्धत आहे. ते काम साच्यात होत नाही, त्यामुळे त्यावर सहसा जेलकोट नसतो, वरून रंग मारलेला असतो. अनेक फायबरच्या होड्याही विकण्याआधी रंगवलेल्या असतात. धुतलेल्या जागी थिनरचं फडकं क्षणभर दाबून धरा. पृष्ठभाग चिकट होऊन रंग फडक्यावर उतरला तर तो साधा रंग आहे; त्यावर रबिंग कंपाउंड चालवलंत तर खालचं फायबर बघायला मिळेल.

तिसरी तपासणी कानाने करायची. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळ आणि बाजू ठोकत चला. टणक आवाज चांगला, बद्द आवाज आला तर आत थर सुटलेत किंवा पाणी शिरलंय. तळाला बारीक फोड आहेत का तेही चाचपा. आपल्याकडे हे विशेष बघायला हवं, कारण फोड येण्याचा हा आजार खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात जास्त जोरात वाढतो. पाणी जेलकोटमधून हळूहळू आत झिरपतं, आतल्या रेझिनमधले विरघळणारे पदार्थ धरून तिथे आंबट द्रव तयार होतो, आणि तो बाहेरचं आणखी पाणी ओढून घेतो. बाहेरचं पाणी जितकं निर्मळ, तितकी ही ओढ जास्त. किनाऱ्यावर वर्षानुवर्षं चांगला राहिलेला तळ धरणात एक-दोन मोसमांत फोडांनी भरू शकतो. संशय आला तर एक फोड टोचून बघा, पण डोळ्यांवर गॉगल घालूनच, कारण आतला द्रव दाबाने उडतो. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर चकाकीचा विचार बाजूला ठेवा. असे फोड उघडून, गोड्या पाण्याने धुऊन होडी कोरड्या जागी दोन-तीन महिने वाळवावी लागते, मग खड्डे इपॉक्सीने भरायचे. ओल्या तळावर भरलेली लांबी पुढच्या वर्षी बाहेर येते.

तपासणीत होडी पास झाली तर धुण्यापासून सुरुवात. किनाऱ्यावरून आलेल्या होडीचं मीठ दोन-तीन वेळा साध्या पाण्याने काढा, कोपऱ्यांतलं आणि खिळेपट्टीखालचंसुद्धा. भांडी घासायचा सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरतो. तारेची घासणी नको; तिचे लोखंडी कण जेलकोटमध्ये रुततात आणि पावसाळ्यात तांबडे ठिपके उमटतात. संडास धुवायचं ॲसिडही नको. ते डाग काढतं तसं जेलकोटची तुकतुकीही काढतं. तांबडट-तपकिरी डागांना ऑक्झॅलिक ॲसिड चांगलं. प्लास्टिकच्या बादलीत लिटरभर कोमट पाण्याला साधारण 30 ग्रॅम घ्या, ब्रशने लावा, दहा-पंधरा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा आणि शेवटी खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा. हे विष आहे. रबरी हातमोजे घाला, आणि उरलेलं पाणी पाण्याच्या बाटलीत भरून ठेवण्याचा आपल्याकडचा घातकी प्रकार इथे तरी करू नका. काठावरच्या टायरला घासून पडलेले काळे पट्टे मात्र रॉकेलच्या फडक्याने निघतात. लगेच साबणाने धुवायचं.

आता घासायचं की नाही, आणि कितपत, हे हातभर चौकोनावर ठरवा. पहिला प्रयत्न फक्त रबिंग कंपाउंडचा. त्याने काम झालं तर कागद हातात घेऊच नका. नाही झालं तर 1500 नंबरचा वॉटर पेपर, तरी नाही तर 1000. खाली 800 किंवा 600 पर्यंत जायची वेळ फार मेलेल्या होडीवरच येते. ज्या कागदापासून सुरुवात केली त्यापासून चढत्या क्रमाने 2000 पर्यंत यायचं, मधला नंबर गाळायचा नाही. गाळला तर आधीच्या कागदाच्या रेघा कंपाउंडखाली दबतात आणि होडी उन्हात नेली की वर येतात.

वॉटर पेपर रबरी ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या जागी खोबणी पडतात. बादलीत साबणाचे चार थेंब टाका, कागद सतत ओला ठेवा. घासण्याआधी त्या भागावर पेन्सिलीच्या फिक्या रेघा मारल्या की किती घासलं हे दिसतं. रेघा गेल्या की हात थांबवा. एक नंबर आडवा फिरवला तर पुढचा उभा. कागदाखालून दुधी पाणी निघतंय तोवर ठीक आहे. पाण्याची छटा बदलली किंवा पृष्ठभाग अर्धपारदर्शक, काळपट दिसू लागला तर जेलकोट संपत आलाय. नाळेची धार, काठ, कोपरे यांवर आधीच चिकटपट्टी लावा. थर तिथे सहसा पातळ असतो आणि कागदाचा दाब तिथेच जास्त पडतो.

मशीनबाबत एकच सांगणं आहे, पण ते नीट ऐका. वेल्डिंगच्या दुकानातला ग्राइंडर आणून त्याला लोकरी पॅड लावू नका. त्याचा वेग मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या वर असतो. जेलकोट काही सेकंदांत पिवळा पडतो, करपतो. वेग कमी-जास्त करता येणारं पॉलिशिंग मशीन वेगळं येतं. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्यांकडे ते असतं, दोन दिवसांसाठी मागून किंवा भाड्याने आणता येतं. कंपाउंडला मिनिटाला 1000 ते 1800 फेऱ्या पुरतात. दोन-दोन फुटांचा चौकोन घ्या, कंपाउंड आधी पॅडने पसरा, मग मशीन चालू करून सतत सरकत राहा. हात लावून बघा, पृष्ठभाग कोमट चालेल, चटका नको. कंपाउंड वाळू लागलं की पाण्याचा हलका फवारा द्या. वीज आणि पाणी शेजारी-शेजारी आहेत हे विसरू नका: उभं राहायची जागा कोरडी, वायरला जोड नको, बोर्डावर गळतीला बंद पडणारा ब्रेकर हवा.

मशीन नाही म्हणून काम अडत नाही. पंधरा-सोळा फुटांची होडी जुन्या सुती लुगड्याच्या घडीने हातानेही होते, फक्त दोन माणसं आणि सबुरी लागते. गाड्यांच्या रंगाचं कंपाउंड मिळतं ते चालतं, पण जेलकोट त्या रंगापेक्षा जाड आणि वेगळ्या जातीचा, त्यामुळे वेळ जास्त जातो. घेताना सिलिकॉन नसलेलं मागा. सिलिकॉन एकदा मुरलं की पुढे कधी रंग दिलात तर त्यात जागोजागी खळगे पडतात.

काम कधी करायचं, हे आपल्याकडे किनाऱ्यापेक्षा वेगळं आहे. पश्चिम किनाऱ्यावर साधारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेआधी पावसाची उघडीप साधून डागडुजी, रंगकाम उरकतात. जव्हारच्या पावसात तो नाद करू नका, इथे भिंतीसुद्धा वाळत नाहीत. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. सकाळचं दव उडालं की सुरू करायचं आणि ऊन अंगावर यायच्या आत सावलीच्या बाजूला सरकायचं. एप्रिल-मेमध्ये जेलकोट इतका तापतो की कंपाउंड लावता लावता वाळतं.

कंपाउंडने चमक आली की बरेच जण तिथेच थांबतात, आणि पुढच्या मेमध्ये होडी पुन्हा पांढुरकी होते. आत्ता उघडा केलेला जेलकोट उन्हासमोर नागवा आहे. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी मेण लावा. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या ताडजातीच्या झाडाच्या पानांवरचं मेण, नैसर्गिक मेणांतलं बहुधा सर्वांत कडक; ते वितळायला 80 अंशांच्या वर तापमान लागतं. तरीही आपल्या उन्हात ते काही महिनेच पुरतं. कृत्रिम पॉलिमरचं सीलंट त्याहून जास्त टिकतं आणि किंमतही जास्त. दोन्हींची रीत एकच: अगदी पातळ हात, धुरकट दिसेपर्यंत वाळू देणं, स्वच्छ मऊ कापडाने पुसणं, आणि काही तासांनी दुसरा हात. जाड थर लावून मेण वाचत नाही, पुसून फेकण्यातच जातं. दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा, असं वर्षातून दोनदा केलं तर पेपर आणि कंपाउंड कितीतरी वर्षं लागणार नाहीत. मेण आहे की संपलं हे पाणी शिंपडून बघा. थेंब उभे राहिले तर आहे, पाणी पसरलं तर लावायची वेळ झाली.

पाय ठेवायच्या जागी, फळ्यांवर आणि आतल्या तळाला मेण लावायचं नाही. चकचकीत ओल्या फायबरवर भरल्या जाळ्यासह पाय घसरला तर होडीची शोभा कुणी बघत नाही.

फरशीसाठी येतं तसलं ॲक्रिलिक चार-पाच हात देऊन तासाभरात होडी चमकवायची युक्तीही चालते. पहिलं वर्ष छान जातं. नंतर तो थर पिवळा पडतो, पापुद्रे निघतात आणि ते काढण्यात घासण्याइतकीच मेहनत जाते. विकायला काढलेल्या होडीवर अशी चमक दिसली तर सावध व्हा.

जेलकोटला चीर किंवा टवका असेल तर तो भरल्याशिवाय मेण लावण्यात अर्थ नाही, कारण पाणी तिथूनच आत जातं. दुकानात रेझिन किंवा जेलकोट, कोबाल्ट आणि हार्डनर वेगवेगळे मिळतात. इथे चूक झाली तर जिवावर बेतते. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत कधीही थेट मिसळू नका, भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट घालून पूर्ण ढवळा, आणि लावायच्या वेळी हार्डनर, साधारण 1 ते 2 टक्के. उकाड्यात कमी, थंडीत जास्त. कोबाल्ट आधीच मिसळलेलं रेझिन मिळालं तर तेच घ्या. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून गॉगल आणि शेजारी पाण्याची बादली हवीच. जेलकोट उघड्या हवेत वरून चिकटच राहतो. भरलेल्या जागेवर प्लास्टिकचा तुकडा गुळगुळीत दाबून बसवला तर तो कडक होतो. कोरडं घासताना तोंडाला चांगला मास्क आणि अंगात लांब बाह्यांचा सदरा घाला. काचेची कूस अंगात शिरली तर गार पाण्याने धुवा, चोळू नका.

जेलकोट मोठ्या भागावर संपलाच असेल तर इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर दोन भागांचा पीयू रंग, हा प्रामाणिक मार्ग. रोलरने लावून लगेच कोरड्या ब्रशने हलकी ओढ दिली की बऱ्यापैकी सपाट बसतो. स्प्रेचा मोह टाळा, त्या रंगाचा फवारा साध्या मास्कला जुमानत नाही आणि फुप्फुसांना कायमचा त्रास देऊ शकतो.

उरली राखण, आणि पैसे खर्च करावेत ते इथे. काम नसेल तेव्हा होडी पाण्यात बांधून ठेवू नका. लहान होडी सहा माणसं उचलतात. ती पालथी घाला, पण जमिनीवर नाही; दोन आडव्या लाकडांवर, मध्ये जुन्या गोणपाटाच्या घड्या देऊन, खालून हवा खेळेल इतकी उंच. किनाऱ्यावर पावसाळ्याआधी होड्या झापांनी शाकारतात, त्यामागचं शहाणपण हेच: पाऊस-ऊन अडवायचं, हवा अडवायची नाही. आपल्याकडे ताडपत्री मिळते, पण ती अंगाला चिकटून टाकली तर आत ओल कोंडते आणि वाऱ्यात फडफडून तीच जेलकोट घासते. बांबूचा आडा उभारून तिला उतार द्या, होडीपासून वीतभर वर ठेवा, टोकं घट्ट बांधा. सागाच्या पानांचं छप्पर मात्र होडीवर नको. कोवळं पान चुरगळलं तर तळहात लाल होतो हे तुम्हाला माहीत आहे. पावसात त्याच पानांचं पाणी पांढऱ्या जेलकोटवर महिनाभर ठिबकत राहिलं तर ऑक्झॅलिकची बादली पुन्हा काढावी लागते. आंब्याखालीही नको, चीक आणि पाखरांची विष्ठा दोन्ही जेलकोट खातात. होडी काठाला लागते तिथले टायर गोणपाटाने गुंडाळा.

आणि एक विनंती. हे सगळं धुणं-घासणं धरणाच्या काठावर करू नका. मध्य वैतरणेचं पाणी मुंबईच्या नळांना जातं, जयसागरचं जव्हार शहराला. थिनर, ॲसिड, कंपाउंडचा दुधी गाळ आणि फायबरची भुकटी त्यात जाता कामा नये. होडी घरी आणा, अंगणात ताडपत्री पसरून त्यावर काम करा, गाळ फडक्यांनी गोळा करा, आणि थिनरची फडकी उघड्यावर वाळवून मगच टाका, गोळा करून कोपऱ्यात ठेवू नका.